तुमच्या एकट्याकडेच कसं होतं?

इंग्लंडमधल्या हॅम्पशायर काउंटीत साउथ वॉर्नबरो नावाचं एक छोटं गाव आहे. गावात एक दुकान. पाव, दूध, वर्तमानपत्रं आणि एका कोपऱ्यात पोस्टाचं काउंटर. दुकान चालवणाऱ्या जो हॅमिल्टन यांनी पोस्टाचं काम नुकतंच हाती घेतलं होतं. हिशेब जुळवायला बसल्या, तर संगणक सुमारे दोन हजार पौंडांची तूट दाखवायला लागला. त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडून सांगितलं जाईल तशी त्या बटणं दाबत गेल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा आकडा दुप्पट झाला. चार हजार. पैसे त्यांनाच भरावे लागले.

पैशांच्या देवघेवीच्या नोंदी जुळवणारं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. रक्कम एका खात्यातून निघाली, दुसऱ्यात पोचली, दोन्हीकडचे आकडे जुळले का, एवढंच. पण त्यातच दिवस जातो. त्यामुळे हा प्रसंग वाचला तेव्हा मला बाईंची दया यायच्या आधी आकड्याचा संशय आला. बटण दाबल्यावर तूट बरोब्बर दुप्पट होते, हे माणसाने केलेल्या चोरीचं लक्षण नव्हे. गल्ल्यातून पैसे काढणारा माणूस इतक्या शिस्तीत काढत नाही. हे नोंद दोनदा पडल्याचं लक्षण आहे.

ब्रिटिश पोस्ट ऑफिस आणि त्याची ‘हॉरायझन’ ही संगणकप्रणाली यांच्याबद्दल २०२४ पासून भरपूर लिहिलं गेलं आहे. हॉरायझनमधल्या चुकीच्या आकड्यांवरून १९९९ ते २०१५ या काळात सबपोस्टमास्तर आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना चोरीच्या, अफरातफरीच्या आणि खोटे हिशेब लिहिल्याच्या आरोपांखाली शिक्षा झाल्या. एकट्या पोस्ट ऑफिसने चालवलेले खटलेच सुमारे सातशे. इतर सरकारी यंत्रणांनी चालवलेले धरले तर आकडा नऊशेच्या वर जातो. जवळजवळ आठवड्याला एक माणूस गुन्हेगार ठरत होता. या सगळ्यात पोस्ट ऑफिस आणि सॉफ्टवेअर पुरवणारी फुजित्सू यांचं काय चुकलं, यावर न्यायालयाचे निकाल आहेत, चौकशी आयोग आहे. मला अडकवून ठेवलं ते दुसऱ्याच प्रश्नाने. गावाला हे पटलं कसं? ज्या बाईच्या हातून वीस वर्षं पेन्शन घेतलं, तिने ते पैसे खाल्ले, हे शेजाऱ्यांना एका आठवड्यात खरं कसं वाटलं?

आधी हा सबपोस्टमास्तर कोण ते सांगायला हवं, कारण तो आपल्याकडच्या पोस्टमास्तरसारखा नोकरदार नाही. तो स्वतःची बचत घालून किंवा कर्ज काढून दुकान विकत घेतो, वर राहतो, खाली व्यवसाय करतो, आणि पोस्ट ऑफिसशी करार करून त्यांची सेवा चालवतो. पगार नाही, कामाचा मोबदला. काउंटरमधली रोकड पोस्टाची. करारात एक कलम होतं की सबपोस्टमास्तरच्या निष्काळजीपणामुळे किंवा चुकीमुळे आलेली तूट त्याने भरायची. व्यवहारात पोस्ट ऑफिसने त्याचा अर्थ असा लावला की तूट दिसली म्हणजे निष्काळजीपणा झालाच. या कामासाठी निवृत्तीच्या आसपासची जोडपी यायची, स्थलांतरित कुटुंबं यायची, कारण धंदा सचोटीचा आणि मानाचा. खेड्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना फॉर्म भरून देणारा, कोणाचं पत्र आलं नि कोणाचं आलं नाही हे ठाऊक असलेला माणूस. आपल्या ब्रँच पोस्टमास्तरला गावात जे स्थान असतं तेच, फक्त भोवती किराणा दुकान.

हॉरायझनचा जन्मच अडनिडा झाला. १९९६ मध्ये पोस्ट खातं, समाजकल्याण खातं आणि आयसीएल ही संगणक कंपनी (हिची मालकी फुजित्सूकडे होती) यांच्यात करार झाला. सरकारी भत्ते पोस्टात कार्डावर मिळावेत अशी मूळ कल्पना. योजना रखडली आणि १९९९ मध्ये समाजकल्याण खात्याने अंग काढून घेतलं. उरलेल्या सांगाड्यातून पोस्टासाठी हिशेबाची प्रणाली उभी करण्यात आली आणि देशभरच्या हजारो शाखांमध्ये बसवली गेली.

ती कशी लिहिली जात होती याचा एक नमुना चौकशी आयोगासमोर आला, तो माझ्या धंद्यातल्या लोकांनी एकमेकांना पाठवून पाठवून झिजवला आहे. १९९८ च्या एका अंतर्गत अहवालातला हा कोडचा तुकडा. काम इतकंच की संख्येचं चिन्ह उलटवायचं, अधिकचं उणे आणि उण्याचं अधिक. शाळेतला मुलगा म्हणेल, समोर उणे चिन्ह लावा. तिथे लिहिलं होतं की संख्या शून्यापेक्षा लहान असेल तर तिचं चिन्ह काढून टाका, नसेल तर त्या संख्येतून तिची दुप्पट वजा करा. उत्तर बरोबर येतं! त्यात चूक नाही. पण डोक्याचं ऑपरेशन करायला आलेल्या डॉक्टरने कात्री उलटी धरलेली दिसावी, तसं ते वाचताना होतं. अहवाल लिहिणाऱ्यांनी तेच म्हटलं होतं: लिहिणाऱ्याचं ज्ञान तोकडं आहे. आणि याच हिशेबावर लोकांचे तुरुंगवास ठरणार होते.

यानंतरच्या चुका मात्र उत्तर चुकवणाऱ्या होत्या. स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कच्या कॅलेंडर स्क्वेअर शाखेवरून एका दोषाला नाव पडलं. एका काउंटरवर झालेली नोंद दुसऱ्या काउंटरला वेळेत दिसत नसे; मग वर्ग केलेली रक्कम पुन्हा स्वीकारली जाई आणि एकाच रकमेच्या दोन नोंदी होत. हा दोष २००० पासून होता आणि दुरुस्ती झाली २००६ मध्ये. दुसरा डॅलमेलिंग्टनचा, २०१५ सालचा. आलेली आठ हजार पौंडांची रोकड नोंदवताना पडदा अडकला, काउंटरवरच्या बाईंनी कोणीही दाबेल तसं पुन्हा पुन्हा बटण दाबलं, आणि रोकड चार वेळा जमा झाली. आठ हजारांचे बत्तीस हजार. चोवीस हजारांची तूट, एका मिनिटात, एकही नोट न हलता. तुम्ही यूपीआयने पैसे पाठवताना चाक फिरत राहतं आणि तुम्ही घाबरून पुन्हा बटण दाबता, तेव्हा पैसे दोनदा जाऊ नयेत म्हणून मागे कुणीतरी विचार केलेला असतो: एकच विनंती कितीदाही आली तरी नोंद एकदाच. आमच्याकडे नव्या मुलांना हे अगदी सुरुवातीला शिकवतात.

हे दोष फुजित्सूला माहीत होते. ब्रॅकनेल इथल्या त्यांच्या साहाय्य विभागात ज्ञात दोषांची नोंदवही होती. तिथे बसलेले अभियंते शाखांच्या हिशेबात सबपोस्टमास्तरला कळू न देता बदलही करू शकत होते. पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं सांगत राहिलं की असं बाहेरून कुणालाही करता येत नाही. रिचर्ड रोल नावाच्या, पूर्वी तिथे काम केलेल्या अभियंत्याने २०१५ मध्ये बीबीसीच्या कार्यक्रमात ते उघडपणे सांगितलं.

पण माहिती ब्रॅकनेलला होती आणि माणूस साउथ वॉर्नबरोला. मधे होतं मदतकेंद्र. अनेक सबपोस्टमास्तरांनी नंतर साक्षीत एकच गोष्ट सांगितली: तूट आल्याचं कळवलं की उत्तर मिळे, असं इतर कोणाकडेच होत नाही. तुमच्या एकट्याकडेच होतंय.

मला या एका वाक्याचं वजन कोणत्याही सॉफ्टवेअरच्या दोषापेक्षा जास्त वाटतं. कारण सबपोस्टमास्तर निर्दोष असल्याचा पुरावा त्याच्या स्वतःच्या शाखेत असणं शक्यच नव्हतं. त्याच्याजवळ असलेला एकमेव दस्तऐवज म्हणजे हॉरायझनने छापलेली पट्टी, आणि ती तर त्याच्या विरुद्ध साक्ष देत होती. पुरावा होता तो दुसऱ्या शाखांमध्ये. अँगलसीच्या माणसाला यॉर्कशायरच्या माणसाबद्दल कळलं असतं, तर दोघांच्याही घरातलं वातावरण बदललं असतं. ‘तुमच्या एकट्याकडेच’ या शब्दांनी ती वाट बंद केली. शेवटी माणूस दोनच गोष्टींवर संशय घेऊ शकतो: स्वतःवर आणि घरातल्यांवर. हॅमिल्टन यांनी नंतर सांगितलं आहे की आपल्याला संगणकातलं फारसं कळत नाही, आपणच काहीतरी चुकीचं दाबत असणार, असं त्यांना वाटत राहिलं. इतरांनी काउंटरवरच्या मदतनिसांकडे संशयाने पाहिलं, ते मदतनीस बरेचदा नात्यातलेच. पडद्यावर तूट आहे म्हणजे कोणीतरी घेत असणारच.

मग कायद्याकडे यावं लागतं. इंग्लंडमध्ये १९८४ च्या कायद्यात एक कलम होतं, की संगणकाने दिलेला पुरावा न्यायालयात मांडायचा तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा. विधी आयोगाला ती अट निरुपयोगी आणि अडचणीची वाटली, आणि १९९९ च्या कायद्याने ती रद्द झाली. अंमल एप्रिल २००० पासून. म्हणजे हॉरायझन शाखाशाखांत बसत होतं त्याच काळात. तेव्हापासून गृहीतक असं की संगणक बरोबरच आहे, तुम्हाला शंका असेल तर तुम्ही दाखवा कुठे चुकला. दाखवायचं कशाच्या जोरावर? दोषांची नोंदवही ब्रॅकनेलला. (गंमत अशी की त्याच वर्षी, ऑक्टोबर २००० मध्ये, आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला आणि भारतीय पुरावा कायद्यात कलम ६५ब घुसलं. त्यात संगणक नीट चालत असल्याची अट आहे. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती टिकली आहे. तिकडे काढलेलं आपण ठेवलं, हे चांगलंच. पण त्या प्रमाणपत्रावर सही करणारा माणूस कोड वाचून सही करतो, असं मात्र कोणी समजू नये.)

यात भर म्हणजे खटला भरणारं पोस्ट ऑफिसच. इंग्लंडमध्ये खासगी फिर्याद चालवता येते, आणि पोस्ट ऑफिसला तर ही शतकांची सवय. पैसे गेले ते त्यांचे, तपास करणारे त्यांचे, वकील त्यांचे. तडजोडही त्यांच्याच हातात.

गावाला आरोप कसा पटला, याचं उत्तर मला या तडजोडीत सापडतं. हिशेबाचा कालावधी संपला की रोकड जुळल्याचं जाहीर केल्याशिवाय पुढचा व्यवहार सुरू करता येत नसे. तूट दिसली तर तीन वाटा होत्या. खिशातून भरा, किंवा ती आपली देणी म्हणून कबूल करा, किंवा रोकड जुळली असं खोटंच लिहा, आणि पुढच्या महिन्यात आकडा आपोआप सरळ होईल अशी आशा धरा. पहिली वाट बहुतेकांनी धरली. बचत गेली, दागिने गेले, घर गहाण पडलं, आईवडिलांकडून उसने आणले. ती संपली की अनेकजण तिसऱ्या वाटेला लागले, आणि तिथे तो पहिल्यांदा खरोखरचा गुन्हा झाला: खोटा हिशेब. तपासनीस आले की चोरी आणि खोटा हिशेब असे दोन आरोप ठेवत. मग प्रस्ताव येई: खोट्या हिशेबाची कबुली द्या, पैसे भरा, हॉरायझनला दोष देऊ नका, चोरीचा आरोप मागे घेतो. तुरुंग टळेल. हॅमिल्टन यांच्यावर ३६ हजार पौंडांच्या चोरीचा आरोप होता. त्यांनी २००८ मध्ये खोट्या हिशेबाची कबुली दिली.

आता हे शेजारच्या घरातून पाहा. पोस्ट ऑफिसने पकडलं, तेही कालपरवाची कंपनी नव्हे, राजाच्या काळापासूनची संस्था. बाईने पैसे भरले. बाईने कोर्टात उभं राहून गुन्हा कबूल केला. आपल्याकडे म्हणतात ना, कर नाही त्याला डर कशाला? चोरी केली नव्हती तर पैसे का भरले? निर्दोष होती तर कबुली का दिली? शेजाऱ्यांना दुष्ट ठरवणं मला पटत नाही. त्यांच्यापुढे जो पुरावा ठेवला गेला त्यावरून कोणीही तेच म्हटलं असतं. त्या पुराव्यातली प्रत्येक वस्तू आरोप करणाऱ्यानेच तयार करवून घेतली आहे, हे दिसायला त्यांना कुठली खिडकी नव्हती. वर्तमानपत्रात छापून येत होतं ते कबुलीचं वाक्य. मदतकेंद्राला केलेले फोन छापून येत नव्हते.

घरातली गोष्ट याहून अवघड. २०२२ मध्ये चौकशी आयोगाने केवळ या माणसांवर काय गुदरलं तेवढंच ऐकून घ्यायच्या बैठका घेतल्या. नवऱ्यापासून, बायकोपासून तूट लपवल्याचं एकामागून एक साक्षीदार सांगत गेले. लपवलं ते लाजेने, आणि पुढच्या महिन्यात जुळेल या आशेने. पण जेव्हा उघडं पडतं, तेव्हा घरच्यांच्या हाती काय असतं? वर्षभर आपल्याशी खोटं बोललेलं एक माणूस. हा पैशांबद्दल खोटं बोलला हे तर खरंच आहे. मग चोरीबद्दल खरं बोलतोय कशावरून? लग्नं मोडली, आईवडिलांशी बोलणं थांबलं, कुटुंबं गाव सोडून गेली. आयोगाच्या २०२५ च्या अहवालाच्या पहिल्या भागात म्हटलं आहे की किमान १३ जणांनी या प्रकरणापायी आत्महत्या केली असावी.

वेल्सच्या अँगलसी बेटावरच्या गेरवेन गावचे नोएल थॉमस पोस्टात सुमारे चाळीस वर्षं होते, शिवाय स्थानिक नगरपरिषदेचे सदस्य. २००६ मध्ये त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि साठावा वाढदिवस त्यांनी तुरुंगात काढला. लंडनच्या ट्रेसी फेल्स्टेड तर काउंटरवरच्या नवख्या कर्मचारी. वय १९ असताना आरोप झाला, रवानगी हॉलोवेच्या तुरुंगात. सरेमधल्या वेस्ट बायफ्लीट गावच्या सीमा मिश्रा यांनी चोरीची कबुली दिली नाही. हॉरायझनवरच बोट ठेवून त्यांनी ज्युरीसमोर खटला लढवला. फुजित्सूच्या अभियंत्याने तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली, ज्युरीने चोरी मान्य केली. नोव्हेंबर २०१० मध्ये, मुलाच्या दहाव्या वाढदिवशी, १५ महिन्यांची शिक्षा सुनावली गेली तेव्हा त्या गरोदर होत्या. स्थानिक वर्तमानपत्राने ‘गरोदर चोर’ म्हणून बातमी केली. त्यांच्या नवऱ्याला गावातल्या लोकांनी मारहाण केली. पोस्ट ऑफिसमध्ये मात्र निकालानंतर अभिनंदनाचा ईमेल फिरला; आता बाकीचे हॉरायझनला नावं ठेवायच्या आधी विचार करतील, अशा आशयाचा.

मिश्रांची मारहाण आणि हॅमिल्टन यांचा अनुभव शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. साउथ वॉर्नबरोच्या लोकांनी हॅमिल्टन यांच्यासाठी वर्गणी काढून पैसे जमवले. निकालाच्या दिवशी विंचेस्टरच्या न्यायालयात गावचे सत्तरेक लोक हजर होते. त्यांनी कबुली दिलेली असूनही! वेस्ट बायफ्लीटमध्ये चोरीची कबुली न देणाऱ्या बाईच्या नवऱ्याला ठोसे पडले. दोन गावं, दोन आकारमानं, एवढं म्हणून हे सोडून देता येईल. पण रंगाचा भाग उरतोच. पोस्ट ऑफिसच्या तपासनिसांसाठीच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत संशयितांच्या वर्गवारीसाठी वसाहतकाळातले वंशवाचक शब्द वापरले होते, हे २०२३ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं. मदतकेंद्रावर भारतीय आडनावाचा फोन आला की तिथले कर्मचारी चोर म्हणून चेष्टा करत, असं तिथेच काम केलेल्याने आयोगासमोर सांगितलं. म्हणजे काहींची नावंच आधी आरोपी झाली होती; आकडा नंतर आला.

हॅमिल्टन यांचं गाव मला जास्त विचारात पाडतं. त्या सत्तर लोकांचा संगणकावर अविश्वास होता का? मला नाही वाटत. २००८ मध्ये हॅम्पशायरच्या खेड्यात कोणी सॉफ्टवेअरच्या दोषांवर चर्चा करत बसलं असेल, हे अवघड आहे. बाईला तर स्वतःचीही खात्री नव्हती. त्यांनी बहुधा फक्त असं ठरवलं असावं, की ही बाई आपल्याला ठाऊक आहे, कोर्टाने काही म्हणो. गुन्ह्याची नोंद झाल्यावर हॅमिल्टन यांना नोकरी मिळेना, तेव्हा त्या गावातल्या लोकांकडे साफसफाईची कामं करू लागल्या. ज्यांच्या पेन्शनच्या हिशेबात खोटेपणा केल्याची कबुली कोर्टाच्या दप्तरी होती, त्यांच्याच घरात.

तरीही या विश्वासाने शिक्षा पुसली गेली नाही. ती पुसायला लागली वेगळी गोष्ट. वेल्समधल्या लॅंडुडनोजवळचे ॲलन बेट्स यांच्याकडे २००० मध्ये सुमारे सहा हजारांची तूट दिसली. गृहस्थ चिकाटीचे. त्यांनी नोंदी ताळून पाहिल्या, प्रणाली तपशील देत नाही अशी पत्रं लिहिली आणि देणं मान्य करायला नकार दिला. २००३ मध्ये कराराचा शेवट. बेट्स बसून राहिले नाहीत. मे २००९ मध्ये ‘कॉम्प्युटर वीकली’ने सात सबपोस्टमास्तरांच्या कहाण्या छापल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात वॉरिकशायरच्या फेनी कॉम्प्टन या खेड्यात बेट्स यांनी सभा बोलावली. देशाच्या मध्यावर म्हणून तेच ठिकाण. जमलेले लोक एकमेकांना अनोळखी. एकेकाने उठून सांगायला सुरुवात केली: तूट, फोन, ‘तुमच्या एकट्याकडेच’. मदतकेंद्राचं वाक्य खोटं ठरायला दहा वर्षं आणि एका गावाचा सभागृहहॉल लागला.

पुढचं बरंच माहीत आहे. २०१२ मध्ये पोस्ट ऑफिसनेच बाहेरचे तपासनीस नेमले, ते दोषांपर्यंत पोचू लागले तसा २०१५ मध्ये त्यांचा करार संपवला. ५५५ जणांनी मिळून दावा लावला. १६ डिसेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती फ्रेझर यांनी हॉरायझन भरवशाचं नव्हतं असा निकाल दिला, आणि पोस्ट ऑफिसची भूमिका म्हणजे आजच्या काळात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखी आहे, असं सुनावलं. भरपाई ठरली पावणेअठ्ठावन्न दशलक्ष पौंड. त्यातली बहुतेक वकिलांच्या आणि खटल्याला पैसा पुरवणाऱ्यांच्या खर्चात गेली, माणशी उरले सुमारे वीस हजार. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. हॅमिल्टन, मिश्रा, थॉमस, फेल्स्टेड त्यांत होते. ३९ पैकी तिघे तोवर हयात नव्हते. त्यांपैकी ज्युलियन विल्सन २०१६ मध्ये गेले. त्यांच्या मागे खटला त्यांच्या पत्नीने चालू ठेवला.

जानेवारी २०२४ मध्ये आयटीव्हीवर चार भागांची मालिका आली आणि जे निकालांनी झालं नव्हतं ते एका आठवड्यात झालं. मे २०२४ मध्ये संसदेने कायदाच करून उरलेल्या शिक्षा एका फटक्यात रद्द केल्या. कायदेपंडितांना हे रुचलं नाही, संसदेने न्यायालयाचे निकाल पुसावेत हा पायंडा चांगला नाही असं ते म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. पण वीस वर्षं न्यायालयांना सवड होती.

या कायद्याच्या कक्षेत न आलेला एक माणूस म्हणजे ली कॅसलटन. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या ब्रिडलिंग्टनमध्ये त्यांनी २००३ मध्ये पोस्ट घेतलं. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला आकडे घसरू लागले, तेव्हा त्यांनी मदतकेंद्राला ९१ वेळा फोन केला. पंचवीस हजारांच्या तुटीसाठी पोस्ट ऑफिसने त्यांच्यावर फौजदारी नव्हे, दिवाणी दावा लावला. वकील परवडेना म्हणून ते स्वतःच उभे राहिले. २००७ मध्ये न्यायाधीशांनी तूट खरी आणि हॉरायझन नीट चालत असल्याचं मानलं, आणि खर्चापोटी ३ लाख २१ हजार पौंडांचा बोजा टाकला. कॅसलटन यांचं दिवाळं निघालं. रस्त्यात लोक चोर म्हणून ओरडत, शाळेत मुलांना छळलं जाई. नंतर हाच निकाल पोस्ट ऑफिस इतरांविरुद्ध दाखवत राहिलं.

फौजदारी शिक्षा झालेलीच नाही, म्हणून २०२४ च्या कायद्याने त्यांच्या बाबतीत रद्द करण्यासारखं काही नव्हतं. २०२५ मध्ये त्यांनी पोस्ट ऑफिस आणि फुजित्सू या दोघांविरुद्ध नव्याने दावा लावला.